गिरणीचं सिमेंटचं अंगण

बाईंच्या घराची जमीन शेणामातीची होती. आम्ही मुली तत्कारासाठी पाय आपटायला लागलो की तिचे पोपडे निघत. मग सारवायचं, आणि वाळेपर्यंत शिकवणी बंद. बाई छत्तीसगडकडून लग्न होऊन गोंदियात आलेल्या. रेल्वेतला नवरा वारल्यावर कथक शिकवूनच त्यांचं पोट चाले. मी बिरसीकडच्या खेड्यातली, शाळेसाठी मावशीकडे राहणारी.

एका मुलीच्या वडिलांची धानाची गिरणी होती. उकडलेला धान वाळवायचं सिमेंटचं अंगण त्यांनी सकाळपुरतं आम्हाला दिलं. मातीवर नुसते घुंगरू ऐकू येत. इथे पावलाचा ठोका वाजला. बाई खुलल्या. "अब सुनाई दिया!" मावशी शेजारणीला ऐकवायची, "आमची पोरगी सिमिटावर नाचते, तुमच्या पोरीवानी शेनात नाई."

बाईंच्या गुरूंकडे नाचायला लाकडी फळ्या होत्या. सिमेंट पायाखाली जरासुद्धा दबत नाही, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात बाईंचा उजवा गुडघा सुजला. निरगुडीच्या पाल्यानं शेकून, पट्टी बांधून त्या नाचत राहिल्या. एकदा गावाहून मला भेटायला आलेल्या बाबांनी त्यांना लंगडताना पाहिलं.

"काऊन बाई, माह्या पोरीलेही असंच करून ठेवता काय?"

बाई म्हणाल्या, "तिला कॉलेजात पाठवा, भाऊ. माझ्यासारखं नुसतं पायांवर पोट नको."

बाबांनी ते ऐकलं. आमच्या घरातली पहिली पदवी त्या एका वाक्यामुळे आली, हे मी विसरलेले नाही.

पुढे बाईंचा गुडघा वाकेनासा झाला. गिरणीचं अंगण सुटलं. त्या परत मातीच्या खोलीत, भिंतीला टेकून, हातानं ताल धरून शिकवू लागल्या. "बसून कोनी नाच शिकवते काय?" असं म्हणत लोकांनी मुली काढून घेतल्या.

मी बी.ए. झाले तेव्हा पेढे घेऊन गेले. खोलीचं सारवण जागच्या जागी होतं. नाचायला कुणी उरलंच नव्हतं.

"पेढा राहू दे. आधी पाय इकडे कर."

त्यांनी माझ्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला.

"दुखते?"

"नाही."

त्यांनी पुन्हा तिथेच दाबलं. पाय आपोआप मागे ओढला गेला.

चुलीवरच्या तव्यात त्यांच्यासाठी निरगुडीचा पाला गरम होत होता. त्यातला अर्धा त्यांनी फडक्यात घेतला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.