आधी जमीन की काच
नव्या चेंडूंच्या डब्याचा रबरी वास आला की नगरच्या एमआयडीसीतला तो पॅडलचा, म्हणजे काचेच्या भिंतींच्या कोर्टावरच्या टेनिससारख्या खेळाचा, सामना आठवतो. मला नोकरी देणारे साहेबच माझे जोडीदार होते आणि निवृत्तीआधी त्यांना तो चषक हवा होता. शेवटच्या गुणाला चेंडू माझ्या मागे गेला. आधी जमिनीला लागला असेल तर आम्ही हरलो, थेट काचेवर आदळला असेल तर वाचलो, आणि ते फक्त मी पाहिलं होतं. “डायरेक्ट काचेवर ना रे?” साहेबांनी रोखून पाहत विचारलं. माझ्या तोंडात पारनेरकडची बोली आली, “न्हाई साहेब, आदी जमिनीला लागला.” साहेब जाळीपाशी गेले आणि त्यांनी समोरच्यांशी हात मिळवला. आता मीही साहेब झालोय. असा निकाल विचारताना नव्या पोरांच्या डोळ्यांत मी पाहत नाही.