ह्यांच्या वाटचं चालणं

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या. उंच शिडीवर एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश, आणि खाली उभ्या घरमालकाशी तोंडानं वाद चालूच. कधी खरचटलंसुद्धा नाही. आणि पडले कुठे? तर आमच्याच बाथरूमच्या चार बोटं उंच उंबऱ्यावर! मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. फरशीवरचं ते रक्त मीच पुसलं, आणि पुसतानाच ठरवलं, हा माणूस पुन्हा पडता कामा नये.

शिडी भंगारवाल्याला देऊन टाकली. खिडकीशी खुर्ची लावली, ह्यांना तिच्यात बसवलं आणि बजावलं, "हलायचं नाही. काय हवं ते मला सांगा."

"अगं, निदान पाणी तरी..."

"आणते."

"जरा दारापर्यंत जाऊन येतो."

"का? दारात कोण ताटकळलंय तुमच्यासाठी?"

मनगट दीड महिन्यात भरून आलं. माझी भीती काही भरून येईना. बाजारात जाताना मी बाहेरून कडी लावायला लागले. सुरुवातीला हे आतून दारावर थापा मारायचे, "उघड गं!" म्हणून ओरडायचे. मग थापा थांबल्या. मला वाटलं, चला, माणूस शहाणा झाला. काय म्हणावं माझ्या अकलेला!

आठ महिन्यांनी लेक आली. ह्यांना काखेत हात घालून उठवताना तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "आई, बाबांच्या पायांना काय झालं?" मी म्हटलं, "वय झालं, दुसरं काय." ती कसली ऐकतेय! दुसऱ्याच दिवशी दोघांना रिक्षात घालून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी ह्यांना साध्या खुर्चीत बसवलं. "आजोबा, हात छातीशी बांधा. हातांचा आधार न घेता उठायचं आणि बसायचं. पाच वेळा."

हे अर्धवट उठले आणि धप्पकन बसले. पुन्हा जोर लावला. गुडघे लटलटायला लागले, पुन्हा बसले. "ह्या खुर्चीला माझा फार लळा लागलाय, सोडतच नाही," असं म्हणून हसले. लेकीनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आजी, आता तुम्ही."

"मला कशाला? मला काय धाड भरलीय?" पण बसले. आणि उठले की! पाचच्या पाच वेळा, धापसुद्धा लागली नाही.

"वा! दिवसभर करता तरी काय?"

मला चढलं मूठभर मांस. "काय करत नाही ते विचारा! ह्यांचं पाणी, ह्यांच्या आंघोळीची बादली, ह्यांचे कपडे वाळत घालायला गच्चीवर, ह्यांच्या औषधासाठी जिना दिवसातून चारदा..." बोलता बोलता माझी जीभच अडखळली. हे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"माझ्या वाटचंसुद्धा तूच चाललीस की गं," म्हणाले.

बाई म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही. टेबल धरून रोज उठबस करायची, मग घरात चालायचं. उंबऱ्यापाशी धरायला दांडा बसवून घ्या. "आणि आजी, तुम्ही नुसतं बसायचं." बाहेरची कडी लेकीनं त्याच संध्याकाळी पेचकसानं काढून टाकली.

त्याला महिना झाला. आज दुपारी हे म्हणाले, "पाणी हवंय."

"स्वयंपाकघरात आहे," मी म्हटलं. हे टेबल धरून दुसऱ्या झटक्यात उठले, भिंतीला हात लावत आत गेले. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. इतकं अवघड काम जन्मात केलं नव्हतं. पाऊल ऐकू यायचं, मग नुसती शांतता, मग पुन्हा पाऊल.

आणि आत धाडकन काहीतरी पडलं.

मी अर्धी उठले.

"पेला पडलाय," आतून ह्यांचा आवाज आला. "मी उचलतो. तू हलू नकोस."

मी खाली बसले. दोन्ही हात पुन्हा मांड्यांखाली दाबले.