रंगांचा मेनू केला तेव्हा

छापखान्यात काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते स्टूल ओढून शेजारी येऊन बसतात! वाशिमच्या एका प्रेसमध्ये मी कॉम्प्युटरवर पत्रिका आणि हँडबिलं लावते. माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच गोष्टीचे आहेत: पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी स्क्रिप्ट लिहून केलेला रंगांचा मेनू. आज सांगताना हसू येतं. तेव्हा रडू यायचं.

*

सुरुवात झाली रिठदच्या एका भाजीवाल्या बागायतदारापासून. त्यांना क्रेटवर लावायची लेबलं हवी होती. "रंग कोणता?" विचारलं, तर त्यांनी पिशवीतून वांगं काढून कीबोर्डवर ठेवलं. "हा!"

मी रंग बदलत बसले, ते मान हलवत बसले. एक तास!

आमचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, वैतागले. "सुनीता, नेहमीचे रंग नावानं एका जागी ठेव ना. नाव निवडलं का रंग लागला पाहिजे."

मी जन्मात प्रोग्राम लिहिला नव्हता. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून लिहिला. यादीत "वांगी" हे नावही टाकलं.

*

पहिल्यांदा मेनू उघडला तेव्हा काका मागे उभे. घाबरून मी काहीच न निवडता ओके दाबलं. स्क्रीनभर इंग्रजी एरर!

"काय म्हणते ते?"

"रंग निवडला नाही म्हणते, काका."

"मंग एवढं लांबलचक काहून बोलून राह्यलं?"

*

ते दुरुस्त केलं, तर कॅन्सल बिघडलं. कॅन्सल दाबलं तरी रंग लागायचाच. एका शाळेची अख्खी स्मरणिका, मुख्याध्यापकांच्या मनोगतासकट, वांगी झाली!

काका शांतपणे म्हणाले, "नाही म्हणलं तरी आयकत नाही. तुयावरच गेलं हे!"

*

आसेगावच्या गुरुजींचा किस्सा मात्र मी अजून झोपेत ऐकते. लेकीच्या लग्नाची पत्रिका. "अक्षरं निळी ठेवा ताई," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी मेनूतून गडद निळा निवडला. आमच्या जुन्या स्क्रीनवर ठीक दिसला. गठ्ठे बांधून तयार.

गुरुजींनी एक पत्रिका उघडली. मिटून पुन्हा उघडली. मग हळूच म्हणाले, "ताई, हे मंगल परिणय हाये का पुण्यानुमोदन?"

सगळी अक्षरं काळी, माणूस गेल्यावर काढतात त्या पत्रिकेसारखी! कॉम्प्युटर यादी शून्यापासून मोजतो, मी एकापासून मोजली होती. निळा निवडला की त्याच्या खालचा काळा लागत होता.

काकांनी गठ्ठे बाजूला सारले. "गुरुजी, बसा. तुमच्यासमोर छापतो." पहिली निळी पत्रिका निघाली तेव्हा गुरुजींनी ती ओलीच हातात घेतली. बोटांना शाई लागली. ती त्यांनी पुसली नाही.

*

त्यानंतर मेनू चांगला चालला. काका स्वतः वापरायला लागले. त्यांच्या सहीशिवाय आमच्याकडे एकही रंगीत पान मशीनवर जात नाही.

मग मला तो देखणा करायची हौस आली. नावं काढली, नुसते रंगांचे चौकोन ठेवले. अन् दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन बहिणीकडे इंझोरीला गेले. दुपारी काकांचा फोन.

"सुनीता, नावं कुठी गेले?"

"काढले काका. चौकोन दिसून राह्यले ना?"

"दिसून राह्यले. पण दोन सारखेच हायेत."

एकच रंग दोनदा दिला की काय मी?

"कोणते दोन?"

"दुसरा अन् तिसरा."

यादी मला पाठ होती. दुसरा लाल, तिसरा हिरवा. मी बोटांवर पुन्हा मोजलं. पलीकडून एका बाईचा आवाज आला, "काका, लालच ठेवा बरं, लग्नाची पत्रिका हाये!"

काकांनी फोन तोंडाजवळ घेतला.

"दुसरा का तिसरा, तेवढं सांग."