हेल्मेट घालून आणि हेल्मेटशिवाय

अमरावतीहून निघताना आईने मला एकच काम सांगितलं होतं. "निखिलचा तो खेळ बंद करून ये. डोक्यावर काही न घालता माणसांवर आदळायचं, हे काय खेळणं झालं?"

निखिल माझा धाकटा भाऊ. हडपसरला एका आयटी कंपनीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी रग्बी खेळतो. माझ्या शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून मी निघाले.

पुणे स्टेशनवर तो स्कूटर घेऊन आला होता. उजवा कान सुजून भज्यासारखा झालेला.

"हे काय रे?"

"काही नाही गं ताई. स्क्रममध्ये (दोन्ही संघ खांद्याला खांदे भिडवून एकमेकांना रेटतात, तेव्हा) घासतं." असं म्हणत त्याने माझ्या हातात हेल्मेट दिलं.

"स्कूटरवर हेल्मेट आणि मैदानात उघडं डोकं?"

"पुण्यात स्कूटरवर हेल्मेट घालायला लावणं हाच मोठा खेळ आहे," तो म्हणाला.

हडपसरच्या पुलाखालच्या गर्दीतून वाट काढत आम्ही त्याच्या फ्लॅटवर पोचलो. त्याने पिशवी उघडून सगळं सामान मला दाखवलं: तळाला खुंट्या असलेले स्टडवाले बूट, माउथगार्ड (दातांवर बसवायचं रबरी कवच) आणि स्पंजची एक मऊ टोपी. ही टोपी कान सोलवटू नयेत म्हणून, मेंदूला बसणारा हादरा काही ती थांबवत नाही, हे त्यानेच सांगितलं. मग अमेरिकन फुटबॉलवाल्यांसारखं टणक हेल्मेट का घालत नाही, असं मी विचारलं.

"चल, तुला इम्रानकडे नेतो. तो सांगेल."

इम्रान त्याचा इंजिनिअरिंगचा मित्र. कॅम्पात त्याच्या घरच्यांचं पिढीजात कापडाचं दुकान आहे, वर घर. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती, तरी त्याच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. त्याच्या अम्मींनी चहा आणि खारी आणून ठेवली. कॉलेजात असल्यापासून इम्रान अमेरिकन फुटबॉल खेळायचा. त्याने कपाटावरून हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. पुढे जाळी असलेलं ते हेल्मेट चांगलंच जड होतं. त्यावर लाल, निळे, पिवळे ओरखडे होते. ज्यांच्यावर तो आदळला, त्यांच्या हेल्मेटांचे रंग.

"ताई, हे घातलं, खांद्यावर पॅड चढवले, की भीती जाते," तो हळू आवाजात म्हणाला. "भीती गेली की माणूस सरळ डोकंच पुढे घालतो. निखिलला डोकं बाजूला ठेवून, हातांनी कवळूनच टॅकल करावं लागतं (धावणाऱ्याला धरून खाली पाडावं लागतं). त्याची भीतीच त्याला आवरते."

"पण हेल्मेटने डोकं वाचतं ना?"

"कवटी वाचते. स्टीलच्या डब्यात दही ठेवा आणि डबा आपटा. डब्याला पोचासुद्धा येणार नाही."

डोक्याला इतके मार बसूनही तो कधीच बेशुद्ध पडला नव्हता. म्हणूनच खेळत राहिला. आता स्क्रीनसमोर बसलं की डोकं ठणकतं, त्यामुळे नोकरी सुटली. सकाळचा थोडा वेळ तेवढा तो दुकानात बसतो. "आणि निखिलचा खेळ सुरक्षित आहे असं समजू नका हं," तो निघताना म्हणाला. "डोकं तिथेही हलतं."

रविवारी मांजरीला सामना होता. उसाच्या शेतांना आणि नव्या इमारतींना लागून एक मैदान आहे. राज्याच्या संघाची निवड करणारे आले होते. निखिलच्या वयाला ही बहुधा शेवटचीच संधी होती. इम्रान टोपी आणि काळा चष्मा घालून आला. खेळ सोडल्यापासून तो मैदानावर पहिल्यांदाच येत होता. आम्ही टपरीवर मिसळ खाल्ली. विदर्भातल्या माणसाला तिखटाचं काय, या तोऱ्यात मी कट मागितला आणि डोळे पुसत बसले.

निखिल खेळायला लागला आणि मी सगळं विसरले. बॉल छातीशी धरून, दोघा-तिघांना चुकवत तो पळत होता. इतकं आनंदी मी त्याला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मग त्याने समोरून येणाऱ्या एका धिप्पाड खेळाडूला धरलं, आणि त्याचं डोकं त्या खेळाडूच्या कमरेच्या हाडावर आदळलं. निखिल पडला, लगेच उठला, हात वर करून हसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

इम्रानने वाजवल्या नाहीत. तो निखिलकडे एकटक पाहत होता. खेळ पुन्हा सुरू झाला आणि निखिल चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"थांबवा! त्याला बाहेर काढा!" इम्रान रेषेवर धावत ओरडला.

पंचांनी शिट्टी वाजवली. प्रशिक्षकांनी निखिलला स्कोअर विचारला. त्याला सांगता येईना. त्याला बाहेर बसवलं, तसा तो इम्रानवर उसळला. "तुझं गेलं म्हणून माझंही घालवतोस काय?"

इम्रानने चष्मा सारखा केला आणि तो त्याच्याशेजारी बसला.

सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, एका पायावर उभं केलं, शब्द म्हणायला लावले. "मी ठीक आहे," असं निखिलने तिसऱ्यांदा म्हटल्यावर ते म्हणाले, "मग निदान तुम्हीच करा, मी चहा घेऊन येतो." मेंदूला मार बसला होता. खेळ, स्कूटर, स्क्रीन सगळं बंद. पुन्हा कधी खेळायचं, ते नंतर बघू. "यावर लगेच आणखी एक फटका बसला असता, तर मात्र कठीण होतं," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. राज्याच्या संघात दुसऱ्याची निवड झाली.

माझ्या परतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कॅम्पात गेलो. निखिलला माफी मागायची होती, पण खोलीत गेल्यावर तो दाराशीच उभा राहिला. इम्राननेच त्याला पलंगावर जागा करून दिली.

"मी पडायचो तेव्हा सगळे टाळ्या वाजवायचे," तो म्हणाला. "असं ओरडलं कुणीच नाही रे."

निखिलने मान खाली घातली. दोघांना त्या अंधाऱ्या खोलीत सोडून मी बाहेर अम्मींजवळ जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी निखिल रिक्षाने मला सोडायला स्टेशनवर आला. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, खरं सांगू? मला अजूनही वाटतं, मी खेळू शकलो असतो."

त्याला तसं पळताना मी पाहिलं होतं, आणि मलाही तसंच वाटत होतं. त्याचं काय वाचलं, ते आम्हा दोघांनाही कधी दिसणार नव्हतं. काय गेलं, ते मात्र दिसत होतं.

गाडी हलली. मी मागे वळून पाहिलं, तर निखिल गर्दीतून नीट, सरळ चालत निघाला होता. त्याला काही झालंय, असं कुणालाही वाटलं नसतं.