पेटीतल्या औषधाचा वास

मंडळी, आज आमच्या कापडे गावात मधमाश्यांच्या पेट्यांना औषध घातलं. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

माश्यांच्या अंगाला माइट नावाचे बारीक लाल किडे लागले होते. अजून थांबलो असतो, तर बाबांनी सांभाळलेल्या पेट्या रिकाम्या झाल्या असत्या. यावरचं औषध म्हणजे एक ॲसिड, ते थंडीतच वापरायचं. कडक उन्हात ते भसकन उडतं आणि माश्याच गुदमरतात.

बाबा करायचे तसंच केलं. छोट्या बाटलीला कापसाची वात लावून एकेका पेटीत ठेवली.

आणि तो वास! लाल मुंगी चिरडल्यावर येतो ना, तसाच आंबट, नाकाला झोंबणारा. लहानपणी थंडीत बाबांच्या कपड्यांना हाच वास यायचा. आई त्यांना अंगणातच अडवायची.

काम उरकून अंगणात आलो, तर आतून आईची हाक, "अवो, थितंच थांबा! पानी काढलंय. आधी आंघोळ, मग घरात!"

आणि ती बाबांचा पंचा घेऊन बाहेर आली.

मला बघून दारातच थबकली. "वास आला रे... मला वाटलं..." पंचा माझ्या खांद्यावर टाकून म्हणाली, "जा, पानी गार होतंय."

आत्ता जेवताना हळूच विचारत होती, "उद्या पन घालायचं हाय ना रे औषध?"

पेट्या तर सगळ्या आजच झाल्यात. तुम्हीच सांगा, तिला काय उत्तर देऊ?