लोळणारा झगा

आमच्या सासूबाईंना आख्खी गल्ली टाचणीबाई म्हणते. वय एकोणसत्तर, त्यातली बेचाळीस वर्षं शिवणकामात. कुणाशी बोलायचं नसलं की ओठांत दोन टाचण्या धरायच्या आणि नुसती मान हलवायची, ही त्यांची जुनी खोड. दुकान वरच्या मजल्यावर, बावीस पायऱ्या. गेल्या महिन्यात शेवटच्या पायरीवर घसरल्या, मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाले, हाडांची घनता तपासून घ्या. माझ्या नवऱ्याने तिथल्या तिथे निकाल लावला, "आई, हाडं ठिसूळ निघाली तर दुकानाला कुलूप."

मला असा राग आला! दुकान बंद झालं तर ही बाई घरात बसून आमचे चांगले पडदे उसवून पुन्हा शिवणार, आणि हे जाणार कामावर.

तपासणीच्या दिवशी सासूबाई पहाटेपासून उपाशी. उपाशी राहायचं नाही, फक्त आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही, हे मी तीनदा सांगितलं होतं. ऐकतील तर शपथ.

"आजी, अंगावर काही धातू आहे?" तपासणाऱ्या मुलीने विचारलं. सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"तोंडाने बोला ना!"

सासूबाईंनी तळहातावर दोन टाचण्या काढून ठेवल्या. मग कॉलरमधून चार सुया निघाल्या, बाहीतून सेफ्टी पिना, बोटातलं अंगुस्तान, आणि शेवटी खिशातून टाचण्यांनी लगडलेलं लोहचुंबक. मुलगी हसता हसता खुर्चीवर बसली.

मग तिने उंची मोजली. "एकशे एकावन्न."

"तुमची पट्टी चुकतेय. मी एकशे पंचावन्न आहे," सासूबाई कडाडल्या. पर्समधून स्वतःची टेप काढून माझ्या हातात दिली. "मोज गं!"

मी मोजलं. एकशे एकावन्न. बेचाळीस वर्षांत त्यांच्या टेपवर कुणी शंका घेतली नव्हती, आता त्यांनाही घेता येईना. सासूबाई एकदम खुदकन हसल्या.

"अगं, म्हणजे झगे लोळत होते ते..."

तीन वर्षं त्यांचे झगे जमिनीवर लोळत होते. कापड धुतलं की लांबतं, असं म्हणून त्यांनी कापडवाल्याला भर दुकानात झापलं होतं आणि त्याच्याकडून तीनदा कापड बदलून घेतलं होतं. कापड बिचारं जागच्या जागी होतं, बाईच आखूड होत होत्या! आम्ही दोघी भिंतीला टेकून हसलो.

"आता हसू नका हं, हललात तर पुन्हा करावं लागेल," म्हणत मुलीने त्यांना टेबलावर झोपवलं. अंगावर कपडे तसेच. पायांखाली मोठी चौकोनी उशी. वरून यंत्राचा दांडा सावकाश सरकत गेला. मग खुब्याचं हाड तपासायला पाऊल जरा आत वळवून पट्ट्याने बांधलं. सुई नाही, बोगद्यासारख्या यंत्रात शिरणं नाही. दहा मिनिटांत उठा म्हणाली.

"एवढंच?" सासूबाई जवळजवळ नाराज झाल्या. "याच्यासाठी मी उपाशी!"

उंची घटलेली पाहून डॉक्टरांनी मणक्याचा एक्स-रेही काढायला लावला. चार दिवसांनी दोन्ही रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो. सासूबाईंच्या ओठांत टाचण्या.

"मणके शाबूत आहेत. मशीनवर वाकून वाकून पाठीला बाक आलाय, म्हणून उंची कमी भरते. हाडं थोडी विरळ झालीत, पण ठिसूळ नाहीत. गोळ्या घ्या, ताठ बसा."

"आणि पायऱ्या?" नवऱ्याने विचारलं.

"चढू द्या की! कठडा धरून. हाडांना तेच हवं असतं."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी कापडवाल्याची माफी मागितली आणि सगळे झगे आखूड करायला काढले. एक अंगावर घालून त्या दुकानात टेबलाशी ताठ उभ्या राहिल्या, आणि खाली दुमड घालायला बसवलं माझ्या नवऱ्याला.

"पण आई, रोज बावीस पायऱ्या म्हणजे..."

सासूबाईंनी त्याच्यापुढे दोन टाचण्या धरल्या.

"धर ओठांत."

त्याने धरल्या.