रामहरी सरांचा डावा हात

वडवणीत अर्ज टाइप करून हवा असला की लोक रामहरी सरांकडे यायचे. सर आधी अर्जातल्या चुकांवरून त्यांना झापायचे, मग टाइप करून द्यायचे. मीही त्यांच्याकडेच टायपिंग शिकले आणि पुढे त्यांच्याच क्लासात शिकवायला लागले. कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचा जुना, काळ्या पडद्याचा एडिटर, सगळं काम कीबोर्डवर. माउसचा त्यांना भारी तिटकारा. "उंदीर धरायला मांजर लागतं, पंचशीला, टायपिस्ट न्हाई," म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. बोलणं अडखळत का होईना परत आलं, उजवा हात आला नाही. दुसरा कुणी असता तर गप घरी बसला असता. सरांनी एकच धोशा लावला, मला क्लासात न्या. त्यांच्या बायको कौशल्याबाई माझ्याकडे येऊन रडल्या. तेवढी खुर्ची त्यांना परत मिळू दे, नाहीतर हा माणूस झुरून मरेल, म्हणाल्या.

मी कंबर कसली. सेटिंगच्या फायलीत एक ओळ घालून एडिटरमध्ये माउस चालू केला. डाव्या हातासाठी बटणं उलटी केली. पडद्यावरच मोठाल्या अक्षरांचा कीबोर्ड आणला, अक्षरावर बाण न्यायचा आणि दाबायचं. एवढ्याशा कामात माझा अख्खा रविवार गेला.

सर आले. डाव्या हातानं माउस धरला, बाण हवा तिथं नेला, थांबवला, परत आणला. मला इतका आनंद झाला की मी चहा सांगितला. मग म्हटलं, सर, आधी आपलं नाव लिहा.

बाण अक्षरांवरून फिरत राहिला. 'र' वरून पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. हात थरथरतोय असं समजून मी अक्षरं आणखी मोठी केली.

सरांनी माउस सोडला.

"हात चालतोय गं," ते हळू म्हणाले. "पन ह्यातलं एक अक्षर वळखू येईना. दवाखान्यातनं आल्यापासून असंच हाय. हिला सांगू नको."

म्हणजे सर रोज घरी पेपर उघडून बसायचे, तो नुसताच धरून. आम्ही सगळे मात्र त्यांच्या हाताकडे बघत राहिलो.

कौशल्याबाई दारातून आत आल्या. जमलं का, त्यांनी विचारलं.

"जमलं," सर म्हणाले.

सरांकडे बघायची माझी छाती झाली नाही. कौशल्याबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि उद्यापासून त्यांचा डबा किती वाजता पाठवू, ते विचारू लागल्या.